आकड्यांची वाट : नंदुरबार जिल्हा आणि बिनतारी सेन्सरजाळी

बिनतारी सेन्सरजाळे तीन गोष्टींनी बनते: ठिकठिकाणी रोवलेली छोटी मोजयंत्रे, त्यांच्या नोंदी वाहून नेणारा रेडिओ, आणि जमलेल्या नोंदी वापरणाऱ्यांपर्यंत पोचवणारी व्यवस्था. कौतुक बहुधा पहिल्या गोष्टीचे होते, अडचणी दुसरीत दिसतात आणि तिसरीकडे दुर्लक्ष होते. वास्तविक नोंद घेणे आणि नोंद वाटणे ही एकाच कामाची दोन टोके आहेत. डोंगरात पडलेला पाऊस यंत्राला कळला, दूरच्या शहरातल्या सर्व्हरला कळला, पण ज्याच्या रानात तो पडला त्याला कळला नाही, तर ती मोजणी अपुरीच राहते. महाराष्ट्रात हे तपासून पाहायला नंदुरबारसारखा जिल्हा नाही. मोजण्याची गरज आणि मोजलेले बाहेर नेण्याची अडचण या दोन्ही गोष्टी इथे एकाच डोंगरात भेटतात.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके आहेत. उत्तर सीमेवर नर्मदा, तिच्या दक्षिणेला सातपुड्याच्या रांगा, त्यांच्या पायथ्याशी तापीचे काळ्या जमिनीचे मैदान आणि नैर्ऋत्येला नवापूरचा डोंगराळ, पावसाळी टापू. नवापूर, अक्कलकुवा, अक्राणीत पाऊस बराच जास्त. शहादा-नंदुरबारच्या सपाटीवर तो झपाट्याने कमी होतो. तोरणमाळचे पठार सुमारे अकराशे मीटर उंच आहे आणि शहाद्याचे मैदान त्याच्या पायथ्याशीच पसरले आहे. डोंगराच्या एका अंगाला ओढा दुथडी भरून वाहत असतो, तेव्हा दुसऱ्या अंगाचा पाडा कोरडा असू शकतो. अशा मुलखात तालुक्याच्या गावचा एक पर्जन्यमापक सगळ्या तालुक्याच्या वतीने बोलू शकत नाही.

जुनी पद्धत तीच होती. तहसील कचेरीच्या आवारातल्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत साठलेले पाणी सकाळी साडेआठ वाजता मापाच्या नळीत ओतायचे, आकडा वहीत लिहायचा आणि वर कळवायचा. ही पद्धत साधी आणि भरवशाची होती, आणि तिने जमवलेल्या जुन्या नोंदींवर आजचा हवामानाचा अभ्यास उभा आहे. पण चोवीस तासांची बेरीज पावसाचा स्वभाव सांगत नाही. दिवसभर रिमझिमत पडलेला ७० मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरतो. तासाभरात कोसळलेला तेवढाच पाऊस माती घेऊन नाल्यात जातो. वहीत दोन्ही दिवस सारखेच दिसतात. सेन्सरजाळ्याने पहिला फरक घडवला तो इथे: त्याने बेरजेच्या आत डोकावणे शक्य केले.

स्वयंचलित पर्जन्यमापकाची रचना समजायला अवघड नाही. नरसाळ्यातून आलेले पाणी तराजूसारख्या जोडलेल्या दोन छोट्या पात्रांपैकी एकात पडते. ठरलेले माप भरले की ते पात्र कलंडते, रिकामे होते आणि दुसरे नरसाळ्याखाली येते. प्रत्येक कलंडणीला चुंबकाने एक कळ दाबली जाते. दर कलंडणी म्हणजे यंत्राच्या घडणीप्रमाणे ०.२ किंवा ०.५ मिलिमीटर पाऊस. यंत्र मोजते ते फक्त कलंडण्या, आणि प्रत्येकीची वेळ.

मातीतला ओलावा मोजण्याची युक्ती निराळी आहे. विद्युतक्षेत्राला पाणी ज्या प्रमाणात प्रतिसाद देते, त्याचा अंक सुमारे ८० आहे. कोरड्या मातीचा तीन ते पाच. त्यामुळे मातीत खुपसलेल्या सळ्यांभोवती थोडे पाणी वाढले तरी मापन ठळक बदलते. मात्र तापीकाठच्या काळ्या कसदार जमिनीत या यंत्राची कसोटी लागते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. भेग सळईजवळून गेली की सळई मातीला न लागता हवेत राहते, आणि यंत्र जमीन प्रत्यक्षाहून कोरडी असल्याचे सांगू लागते. यंत्र बिघडलेले नसते, त्याचा मातीशी स्पर्श तुटलेला असतो. कारखान्यात ठरवलेले मापनसूत्र इथल्या मातीला जसेच्या तसे लावता येत नाही; शेतातली माती तोलून, भट्टीत वाळवून, पुन्हा तोलून ते सूत्र बसवून घ्यावे लागते.

मोजयंत्र, छोटा संगणक, रेडिओ आणि बॅटरी मिळून एक नोड बनतो. त्याचे आयुष्य बॅटरी ठरवते आणि बॅटरीवरचा सर्वांत मोठा भार रेडिओचा असतो. म्हणून नोड बहुतेक वेळ झोपलेला ठेवतात. एक हिशेब पाहण्यासारखा आहे. जागेपणी २० मिलिॲम्पिअर आणि झोपेत ०.०१ मिलिॲम्पिअर प्रवाह घेणारा नोड धरू. त्याला २,००० मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी आहे. तो सतत जागा राहिला तर १०० तासांत, म्हणजे चार दिवसांत, बॅटरी संपेल. दर दहा मिनिटांनी दोनच सेकंद जागा झाला, तर सरासरी प्रवाह ०.०७७ मिलिॲम्पिअरवर येतो आणि तीच बॅटरी जवळजवळ तीन वर्षे पुरते. प्रत्यक्षात उष्णता, जुनेपणा आणि पुन्हा पुन्हा पाठवाव्या लागणाऱ्या नोंदी यांमुळे काळ घटतो, पण चार दिवस आणि काही वर्षे यांतले अंतर खरे आहे. अक्राणी तालुक्यातल्या धडगाव परिसरात एखाद्या पाड्यावर पोचायला अर्धा दिवस पायपीट करावी लागत असेल, तर जाळे टिकेल की नाही हे या अंतरावरच ठरते. सौरपट्टी लावली की प्रश्न सुटतो असे वाटते. मात्र पावसाळ्यात, म्हणजे नोंदींची सर्वाधिक गरज असते त्याच दिवसांत, आकाश आठवडा-आठवडा झाकोळलेले असते. बॅटरीचा हिशेब आषाढातल्या अंधाऱ्या पंधरवड्यावर करायचा असतो, चैत्रातल्या उन्हावर नव्हे.

नोंद घेतल्यानंतर ती कुठल्या वाटेने न्यायची हा पुढचा प्रश्न. सपाटीवरचे उत्तर सोपे आहे: नोडमध्ये सिमकार्ड घालायचे आणि मोबाईल टॉवरमार्फत नोंद पाठवायची. शहादा, तळोदा, नंदुरबारच्या मैदानी भागात हे चालते. शेजारी-शेजारी बरेच नोड असतील तर प्रत्येकाला सिमकार्ड देण्याऐवजी ते कमी शक्तीच्या रेडिओने एका गेटवेशी बोलतात आणि गेटवे एकटाच इंटरनेटशी जोडलेला असतो. अशा लघुपल्ल्याच्या रेडिओसाठी २००३मध्ये आयईईई ८०२.१५.४ हे मानक आले. दूरचा नोड जवळच्या नोडच्या हाती नोंद देतो, तो पुढच्याच्या हाती, आणि नोंद गेटवेपाशी येते. या साखळीत एक अन्याय दडलेला असतो. गेटवेजवळच्या नोडांना स्वतःच्या नोंदींबरोबर मागच्या सगळ्यांचे ओझे वाहावे लागते, त्यांची बॅटरी आधी संपते, आणि दूरचे नोड धडधाकट असूनही मुके होतात. म्हणून गेटवेजवळ जादा नोड ठेवणे, किंवा वाटेतच नोंदींची सरासरी काढून ओझे हलके करणे असे उपाय करतात. सरासरी काढली की मूळ नोंद हरवते, हे त्याचे मोल. पुराच्या नोंदीत ते परवडत नाही.

गेल्या दशकात लोरा नावाचे तंत्र पसरले. ते अगदी सावकाश बोलते, पण त्या सावकाशीमुळे मोकळ्या जागेत कित्येक किलोमीटरवर ऐकू येते. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना वापरता येतो आणि लोराची यंत्रे तिथे चालतात. तोरणमाळसारख्या उंच कड्यावरचा एक गेटवे दक्षिणेच्या सपाटीवरच्या पुष्कळ नोडांना ऐकू शकेल. पण त्याच डोंगराच्या उत्तरेला, नर्मदेकडे उतरणाऱ्या खोल दऱ्यांत, रेडिओला डोंगर आडवा येतो. तिथे अंतर फारसे नसते, पण मध्ये खडक असतो. नर्मदाकाठच्या मणिबेलीला महाराष्ट्रातले पहिल्या क्रमांकाचे मतदान केंद्र आहे, आणि निवडणुकीची यंत्रसामग्री तिथे होडीने न्यावी लागते. जिथे मतदानयंत्र होडीने जाते, तिथे नोंद मोबाईलने येईल हे गृहीत धरून जाळे आखणे चूक आहे.

अशा ठिकाणी दोन वाटा उरतात. पहिली आकाशातून जाते. भारतीय हवामान खात्याची कितीतरी स्वयंचलित केंद्रे मोबाईल टॉवरवर अवलंबून नव्हती, ती ४०२.७५ मेगाहर्ट्झवर इन्सॅट मालिकेतल्या उपग्रहाकडे नोंद पाठवत आणि ती पुण्याच्या भूकेंद्रावर उतरे. प्रत्येक केंद्राला तासातला स्वतःचा क्षण नेमून दिलेला असे, म्हणजे दोन केंद्रे एकदम बोलून एकमेकांचा आवाज बुडवत नसत. विषुववृत्तावर स्थिर असलेला हा उपग्रह सातपुड्यातून पाहिला तर क्षितिजापासून साठ अंशांहून अधिक उंचीवर येतो. दरी बरीच खोल असली तरी तेवढे आकाश बहुधा मोकळे सापडते. यंत्र महाग पडते, पण टॉवर उभा राहण्याची वाट पाहावी लागत नाही.

दुसरी वाट माणसाच्या पावलांची आहे. नोड नोंदी स्वतःपाशी साठवतो आणि जवळून जाणाऱ्या एखाद्या फिरत्या यंत्राच्या हवाली करतो. ते यंत्र रेंजमध्ये आले की नोंदी पुढे जातात. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या झेब्रानेट प्रकल्पात केनियातल्या झेब्र्यांच्या गळपट्ट्यांनी एकमेकांच्या नोंदी अशाच वाहिल्या. कर्नाटकातल्या दोड्डबळ्ळापूर तालुक्यात डाकनेट नावाच्या प्रयोगात गावोगाव फिरणाऱ्या बसवर वाय-फायचे यंत्र बसवले होते. नंदुरबारमध्ये अशा वाटा आधीच रुळलेल्या आहेत. नर्मदेवरच्या सरदार सरोवराच्या फुगवट्यात आरोग्य खात्याचा तरंगता दवाखाना फिरतो, पाड्यांवर आशा कार्यकर्त्या जातात, धडगाव आणि मोलगीच्या आठवडे बाजाराला सगळा डोंगर खाली उतरतो. त्यांच्या मोबाईलने वाटेतल्या नोडच्या नोंदी उचलाव्यात, हे तंत्राच्या दृष्टीने अवघड नाही. अशा वाटेने नोंद दिवसांनी किंवा आठवड्याने पोचेल. पुराच्या इशाऱ्याला तिचा उपयोग नाही. पण विहिरीची पातळी, जमिनीतला ओलावा, हंगामाचा पाऊस यांना तेवढा उशीर चालतो. कोणत्या नोंदीला किती उशीर परवडतो, हे ठरवूनच तिची वाट निवडायची असते.

या विषयाचा इतिहास फार लांबचा नाही. २००२च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मेन राज्याजवळच्या ग्रेट डक बेटावर बर्कली विद्यापीठ आणि इंटेलच्या संशोधकांनी समुद्रपक्ष्यांच्या बिळांत नोड ठेवले, आणि प्रयोगशाळेबाहेरचे पहिले गाजलेले सेन्सरजाळे उभे राहिले. भारतात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने स्वित्झर्लंडच्या लोझान येथील तंत्रसंस्थेबरोबर कर्नाटकातल्या पावगडा तालुक्यात कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी जाळे बसवले. महाराष्ट्रात आयआयटी मुंबईच्या प्रयोगशाळेने ‘ॲग्रिसेन्स’ या नावाने नाशिकजवळच्या सुला द्राक्षमळ्यात जाळे उभारले. द्राक्षावर रोग कधी येईल हे पाने किती वेळ ओली राहिली यावर बरेच अवलंबून असते, आणि ते तालुक्याच्या हवामानकेंद्रातून कळत नाही. वेलीतच यंत्र लागते. या प्रयोगांनी यंत्रे चालतात हे दाखवले. अनुदान संपल्यावर ती कोण चालवणार, हा प्रश्न मात्र अनेक ठिकाणी मोकळाच राहिला.

राज्यव्यापी पाऊल ‘महावेध’ने उचलले. २०१७मध्ये कृषी विभागाने खासगी कंपनीच्या भागीदारीतून सुरू केलेल्या या प्रकल्पात महसूल मंडळागणिक एक याप्रमाणे दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसली. पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा यांची नोंद दर दहा मिनिटांनी होते. म्हणजे एका केंद्राच्या दिवसाला १४४ नोंदी. पाच बाबी धरल्या तर ७२० आकडे, आणि दोन हजार केंद्रांचे साडेचौदा लाखांच्या आसपास. ऐकायला ही रास मोठी वाटते, पण संगणकाच्या मापाने ती मोबाईलवरच्या एखाद्या छोट्या चित्रफितीएवढीही भरत नाही. आकडे फार झाले म्हणून ते वाटता येत नाहीत, ही सबब इथे टिकत नाही. एका केंद्राच्या वाट्याला सरासरी बारा किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद मुलूख येतो. तळोद्याच्या सपाटीवर तेवढे पुष्कळ झाले. अक्राणीत तेवढ्या चौकोनात चार दऱ्या आणि एक पठार मावते. केंद्र सरकारने २०२३मध्ये पुढे आणलेल्या ‘विंड्स’ या योजनेत ग्रामपंचायतीगणिक पर्जन्यमापक आणि तालुक्यागणिक हवामानकेंद्र अशी आखणी आहे. डोंगराळ तालुक्यांना तिचा लाभ सर्वाधिक व्हायला हवा.

मंडळाच्या आकड्याला राज्यात पैशाचे मोल आहे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर वा अधिक पाऊस झाला की त्या मंडळात अतिवृष्टी धरली जाते आणि पंचनाम्याला आधार मिळतो. फळपीक विम्यात तर शेतात न जाता हवामानकेंद्राच्या आकड्यावरूनच भरपाई ठरते. शहादा-तळोद्याच्या केळीला थंडीचा फटका बसला, तर तापमान ठरलेल्या मर्यादेखाली ठरलेले दिवस राहिले की नाही, एवढेच पाहिले जाते. केळीचा बाग नदीकाठच्या खोलगटात असेल आणि केंद्र गावठाणाजवळच्या उंचवट्यावर, तर रात्रीची जड, थंड हवा बागेत साचते आणि केंद्राला ती कळतही नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब परिसरात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, त्याच पहाटे काही किलोमीटरवर पारा बराच वर असतो. केंद्राची जागा निवडण्याचे काम अभियंत्याचे आणि सर्वेक्षकाचे दिसते, पण त्या जागेवरून कुणाला भरपाई मिळेल आणि कुणाला नाही हे ठरते. म्हणून जागेची निवड ग्रामसभेपुढे मांडून, कारणांसह व्हायला हवी.

जागा चांगली असली तरी यंत्र राखावे लागते. पर्जन्यमापक आजूबाजूच्या झाडा-भिंतींपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावा असा दंडक आहे. बसवताना तो पाळला जातो, पण दोन पावसाळ्यांत भोवतीचे झाड वाढते. नरसाळ्यात पाला अडकतो, मुंग्या घर करतात, कोळी जाळे विणतो. तुंबलेल्या पर्जन्यमापकाची नोंद शून्य येते आणि कोरड्या दिवसाचीही शून्यच येते. सेन्सरजाळ्याच्या नोंदींत याहून धोकादायक गोष्ट नाही. तापमानाचा आकडा चुकला तर तो बहुधा वेडावाकडा दिसतो आणि नजरेत भरतो. पावसाचे खोटे शून्य मात्र खऱ्यासारखेच दिसते. म्हणून ‘पाऊस नाही’ आणि ‘नोंद नाही’ या दोन गोष्टी यंत्रापासून अहवालापर्यंत वेगळ्या ठेवणे हा चांगल्या जाळ्याचा पहिला नियम आहे. शेजारच्या चार केंद्रांवर ४० मिलिमीटर आणि मधल्या केंद्रावर शून्य, असे दिसले की संगणकाने तिथे खूण करावी आणि कुणीतरी जाऊन नरसाळे पाहावे. ही तपासणी आकडा जाहीर होण्याआधी झाली तर बरे. नंतर झाली तर दुरुस्तीची खूण आकड्यासोबत कायम राहावी. मूळ नोंद खोडून तिच्या जागी नवी लिहिणे जुन्या तलाठी दप्तरातही मान्य नव्हते.

काही जाळ्यांत एकट्या यंत्राच्या नोंदीला अर्थच नसतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने उभारलेले विजेचे जाळे हे त्याचे चांगले उदाहरण. वीज चमकली की रेडिओलहरींचा स्फोट होतो आणि तो वेगवेगळ्या सेन्सरांवर किंचित वेगवेगळ्या वेळी पोचतो. त्या वेळांच्या फरकावरून वीज कुठे पडली ते काढतात. प्रकाशाच्या वेगाने जाणारी लहर एका सेकंदाच्या दहालाखाव्या भागात ३०० मीटर जाते, तेव्हा घड्याळात तेवढी चूक झाली तरी विजेची जागा एका गावावरून शेजारच्या शिवारात सरकू शकते. त्यामुळे सगळी घड्याळे उपग्रहाच्या वेळेशी बांधलेली असतात. या नोंदींवर ‘दामिनी’ हे मोबाईल ॲप चालते आणि आसपासच्या विजेची सूचना देते. उघड्या रानात भाताची लावणी करणाऱ्या नवापूरच्या मजुराला याहून उपयोगी सूचना क्वचितच असेल. पण ती मोबाईलला रेंज असेल तरच पोचते. सूचना पोचवण्यासाठी भोंगा, दवंडी, शाळेची घंटा यांची जोड द्यावी लागते, आणि ती सेन्सरजाळ्याच्या आराखड्यातच लिहिलेली असावी लागते.

नोंदी वाटण्याची सर्वांत जुनी गरज मात्र तापीची आहे. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगवलेली ही नदी ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. जळगाव जिल्ह्यात हतनूर धरण, पुढे धुळे जिल्ह्यात सुलवाडे, नंदुरबारात सारंगखेडा आणि प्रकाशा बॅरेज, आणि गुजरातेत उकाई. हतनूरचा विसर्ग वाढला की सारंगखेडा आणि प्रकाशाचे दरवाजे उघडावे लागतात. ते उघडले की पाणी उकाईच्या फुगवट्यात जाते, आणि तो फुगवटा पुन्हा नंदुरबार-नवापूरच्या गावांपर्यंत मागे येतो. ऑगस्ट २००६मध्ये उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि सुरत शहर पाण्याखाली गेले. वरच्या राज्यातला आकडा खालच्या राज्यात वेळेत पोचणे म्हणजे काय, हे त्या पुराने दाखवले. नदीची पातळी आता पुलाला टांगलेल्या रडार सेन्सरने मोजता येते: लहर पाण्यावर आपटून परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर, आणि अंतरावरून पातळी. पाणी चढू लागले की तासाची नोंद पाच मिनिटांवर आणायची, असे नोडला आधीच शिकवून ठेवता येते. पण पातळीवरून विसर्ग काढायला त्या जागेचे कोष्टक लागते, आणि मोठ्या पुरानंतर नदीचा तळ बदलतो. कोष्टक जुने राहिले तर सेन्सर अचूक पातळी सांगतो आणि विसर्ग चुकतो. २०१६मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पातून राज्याराज्यांत अशी दूरमापन केंद्रे बसू लागली, आणि ऑगस्ट २०२३मध्ये केंद्रीय जल आयोगाने ‘फ्लडवॉच इंडिया’ हे ॲप खुले केले. नर्मदेकडेही गरज तीच आहे. सप्टेंबर २०१९मध्ये सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले, आणि काठावरच्या पाड्यांना पाणी किती मीटरवर येईल हे दिवसादिवसाने कळणे हा जगण्याचा प्रश्न झाला.

वाटायचे म्हणजे नेमके काय वाटायचे? नुसता आकडा पुरत नाही. ‘४२’ या आकड्याला जागा, वेळ, एकक, यंत्राचा प्रकार, ते कधी बसवले, कधी तपासले, कधी हलवले, एवढी कुंडली जोडलेली असेल तरच दहा वर्षांनी तो कुणाच्या उपयोगी पडतो. केंद्र गावठाणातून शाळेच्या मैदानात हलवले आणि त्याची नोंदच ठेवली नाही, तर पुढच्या अभ्यासकाला तापमानात अचानक झालेला बदल हवामानाचा वाटेल. नोंदी यंत्राला वाचता येतील अशा तक्त्यात असाव्यात. छापील कागदाचे चित्र काढून संकेतस्थळावर टाकले की माहिती जाहीर झाली, पण वापरता आली नाही. भारत सरकारचे माहिती वाटपाचे राष्ट्रीय धोरण २०१२चे आहे आणि सार्वजनिक पैशातून जमलेली, संवेदनशील नसलेली माहिती खुली करावी अशी त्याची दिशा आहे. जलविज्ञानाच्या माहितीत सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांवर गोपनीयतेचे निर्बंध आहेत. तापी आणि नर्मदेवर ते नाहीत. कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर मंडळनिहाय पाऊस रोज पाहता येतो, हे चांगलेच झाले. पण रोजची बेरीज पाहायला मिळणे पुरेसे नाही. दर दहा मिनिटांची मूळ नोंदही शेतकऱ्याला, ग्रामपंचायतीला आणि महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला सहज मिळायला हवी, कारण बेरजेच्या आत डोकावण्यासाठीच तर यंत्र बसवले होते.

सगळेच खुले करायचे असेही नाही. याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. माणसांच्या नोंदीचा प्रारंभ जिथे झाला, तिथे जमीन आणि पाण्याच्या नोंदीही आता त्या माणसांशी जोडल्या जात आहेत. मंडळाचा पाऊस सार्वजनिक आहे. पण एका शेतकऱ्याच्या विहिरीत किती पाणी आहे, त्याचा पंप रात्री किती तास चालला, नवापूरच्या एखाद्या कुक्कुटपालन शेडमध्ये उष्णता किती वाढली, ही माहिती त्याच्या सौद्यावर, कर्जावर आणि विम्यावर परिणाम करू शकते. ती गोळा करण्याआधी विचारणे आणि ती कुणाला देणार हे सांगणे हे २०२३च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याच्या आधीपासूनचे साधे कर्तव्य आहे. त्याला एक अपवाद सार्वजनिक आरोग्याचा. फेब्रुवारी २००६मध्ये नवापुरात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला, तो देशातला पहिला प्रादुर्भाव होता. अशा वेळी एका शेडची माहिती सगळ्यांच्या सुरक्षेची असते. मात्र ती कुणाला, किती वेळात आणि कोणत्या भरपाईच्या हमीवर द्यायची, हे साथ येण्याआधी ठरलेले असावे लागते. नुकसानीची भीती असलेला माणूस माहिती दडवणारच.

आकड्याचा सल्ला होणे हा वाटपाचा शेवटचा टप्पा. नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रात जिल्हा कृषी हवामान केंद्र होते. ते हवामानाचा अंदाज स्थानिक पिकांच्या भाषेत उतरवून सांगे. देशभरातली अशी १९९ केंद्रे २०२४मध्ये बंद झाली. त्याच सुमारास गावोगाव यंत्रे वाढवण्याची योजना चालू होती. यंत्रे वाढली आणि त्यांचे वाचन करून सांगणारी माणसे कमी झाली, हा उलटा व्यवहार आहे. नंदुरबारच्या पथारीवर लाल मिरची वाळत घातलेली असताना अवकाळी पाऊस आला, तर एका रात्रीत मालाचा रंग आणि भाव दोन्ही उतरतात. वाऱ्याच्या दिशेला असलेल्या मंडळात पाऊस सुरू झाल्याची नोंद दहा मिनिटांत सर्व्हरवर येते. ती पथारीवरच्या मजुरांच्या मुकादमापर्यंत अर्ध्या तासात आली तर मिरची झाकता येते. ‘हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता’ हा जिल्ह्याचा अंदाज तिथे पुरत नाही. सल्ल्याची भाषाही मराठीवर थांबत नाही: डोंगरात पावरी आणि भिली, नवापूरकडे मावची, शहाद्याकडे अहिराणी आणि गुजराती. पावरीत बोललेला अर्ध्या मिनिटाचा निरोप लेखी मराठी पत्रकापेक्षा अधिक घरांत पोचतो, आणि तो पाठवायला जास्तीचे यंत्र लागत नाही.

या सगळ्याचा खर्च कुणी करायचा हे कंत्राटात लिहिलेले असते, पण बहुधा उभारणीपुरते. सेन्सरची किंमत दरवर्षी उतरते. तो पुसायला, तपासायला आणि बॅटरी बदलायला जाणाऱ्या माणसाचा प्रवासखर्च उतरत नाही. जाळे चालवणाऱ्याने आपली किती टक्के केंद्रे आज नोंद देत आहेत हे रोज जाहीर करावे, आणि देयकाचा काही भाग त्या टक्केवारीशी बांधावा. पावसाळ्यातल्या खंडाला कोरड्या दिवसांतल्या खंडापेक्षा जास्त दंड असावा. पाड्यावरच्या शाळेतल्या किंवा अंगणवाडीतल्या एखाद्याला थोडे मानधन देऊन नरसाळे साफ करण्याचे आणि शेजारी साधा, हाताने वाचायचा पर्जन्यमापक ठेवून रोजचा आकडा फळ्यावर लिहिण्याचे काम दिले, तर यंत्राची रोजची पडताळणी होते आणि गावाला आपला पाऊस कुणाच्या परवानगीविना कळतो. हवामानाची सरासरी काढायला जगभर ३० वर्षांची मालिका प्रमाण मानतात. २०१७मध्ये बसलेल्या केंद्रांची तेवढी मालिका २०४७मध्ये पुरी होईल. तोवर यंत्रे अनेकदा बदलतील, कंत्राटदार बदलतील, मोबाईलची पिढी बदलेल. प्रत्येक बदलाच्या वेळी जुने आणि नवे यंत्र काही महिने शेजारी-शेजारी चालवावे लागेल, आणि आधीच्या कंत्राटदाराकडच्या सगळ्या मूळ नोंदी, त्यांच्या कुंडलीसह, शासनाच्या ताब्यात याव्या लागतील. ही अट पुढच्या करारात नव्हे, पहिल्याच करारात असावी लागते.